बँजो खाली ठेवून : ॲपलेशियाच्या डोंगरांतील चार दिवस

माझ्या आईचे माहेर मिरजेचे. सतारी आणि तानपुरे बनवणाऱ्या कारागिरांच्या शेजारात ती वाढली, लग्नाआधी सहा वर्षे गाणे शिकली आणि मग संसारात ते गाणे मागे पडले. तिचा तानपुरा माहेरीच राहिला होता. पुढे मामाने तो एका शाळेला देऊन टाकला. गेल्या वर्षी ती सहा महिन्यांसाठी आमच्याकडे नॉर्थ कॅरोलायनातील केरी या गावी आली. त्या काळात एका संध्याकाळी मी तिला डॉक बॉग्ज नावाच्या व्हर्जिनियातील खाणकामगाराचे गाणे ऐकवले. तीस वर्षे बँजो या तंतुवाद्याला हात न लावलेला हा माणूस वयाच्या पासष्टाव्या वर्षी देशभर प्रसिद्ध झाला, असे मी सांगितले, तेव्हा तिने एकच विचारले, "त्याचे गाव इथून किती लांब आहे?" ऑक्टोबरच्या मध्यावर, पानांचे रंग ऐन भरात असताना, आम्ही दोघी चार दिवसांसाठी अमेरिकेच्या पूर्वेकडील ॲपलेशियन डोंगरांकडे बाहेर पडलो.

पहिला दिवस, गुरुवार : कॅरबरो, बून, ब्रिस्टल

पहिला थांबा घरापासून अर्ध्या तासावर होता. कॅरबरो गावात रेल्वेमार्गाला लागून सायकलींसाठी आणि पायी चालणाऱ्यांसाठी एक वाट आहे आणि तिला लिब्बा कॉटन या गायिकेचे नाव दिलेले आहे. एलिझाबेथ कॉटन या याच गावच्या कृष्णवर्णीय बाई. त्या डावखुऱ्या होत्या, म्हणून उजव्या हाताची गिटार त्या उलटी धरून वाजवत. घराजवळून जाणाऱ्या मालगाडीवर त्यांनी लहानपणीच एक गाणे रचले आणि नंतर अनेक दशके गिटार बाजूला ठेवून लोकांच्या घरी कामे केली. वॉशिंग्टनच्या एका मोठ्या दुकानात हरवलेली एक मुलगी त्यांनी तिच्या आईकडे पोहोचवली. ते कुटुंब संगीतज्ञ सीगर यांचे होते. त्यांच्याकडे त्या कामाला लागल्या आणि भिंतीवरची गिटार काढून पुन्हा वाजवू लागल्या. त्या घरातील मुलगा माइक सीगर याने त्यांचे गाणे मुद्रित केले. 1958 मध्ये त्यांची पहिली तबकडी आली, तेव्हा त्यांनी साठी ओलांडलेली होती, आणि नव्वदी ओलांडल्यावर त्यांना ग्रॅमी पुरस्कार मिळाला. माइक सीगर हे नाव वाचकांनी लक्षात ठेवावे, कारण पुढच्या चार दिवसांत ते आम्हाला पुन्हा पुन्हा भेटले.

आई त्या वाटेवर बराच वेळ उभी राहिली. धुणीभांडी करणाऱ्या बाईच्या हातात तिच्या मालकिणीच्या घरी कोणी वाद्य दिले असते का, हा तिचा प्रश्न होता. कोणी दिले नाही, त्यांनी स्वतःच घेतले, असे मी म्हटले, तेव्हा तिने मान डोलावली.

विन्स्टन-सेलमपासून आम्ही 421 क्रमांकाचा महामार्ग धरला. ब्रिस्टलला मोठ्या महामार्गांनी लवकर पोहोचता येते. तरीही ज्यांना या संगीताचा भूगोल समजून घ्यायचा आहे, त्यांनी हाच रस्ता निवडावा, असे मी आग्रहाने सांगेन. डीप गॅप हे गिटारवादक आणि गायक डॉक वॉटसन यांचे गाव याच रस्त्यावर लागते, आणि पुढे बूनच्या किंग स्ट्रीटवर बाकावर बसून गिटार वाजवणारा त्यांचा ब्राँझचा पुतळा आहे. वॉटसन बालपणापासून अंध होते. 1960 मध्ये राल्फ रिंझलर हे संशोधक क्लॅरन्स ॲश्ली या जुन्या गायकाचे गाणे मुद्रित करायला या डोंगरांत आले, तेव्हा सदतीस वर्षांचे वॉटसन एका स्थानिक नाचाच्या वाद्यवृंदात इलेक्ट्रिक गिटार वाजवून आणि पियानो जुळवून पोट भरत होते. ॲश्लींचे वय त्या वेळी पासष्टच्या घरात होते आणि त्यांच्या ज्या तबकड्यांनी संशोधकांना वेड लावले, त्या तीस वर्षांहून अधिक जुन्या होत्या. एकाला शोधायला गेलेल्या माणसाला दुसरा सापडला, आणि पुढे वॉटसन यांची कीर्ती ॲश्लींपेक्षा कितीतरी मोठी झाली.

माउंटन सिटी सोडल्यावर धुके उतरले. शेडी व्हॅलीच्या दोन्ही बाजूंचा हा घाट मोटारसायकलस्वारांचा लाडका आहे आणि त्याच्या वळणांमुळे त्याला 'साप' म्हणतात. आम्ही तो ताशी वीस मैलांनी उतरलो. ज्यांना गाडी लागते, त्यांनी बूनमध्ये पोटभर जेवू नये आणि हा टप्पा अंधार पडण्यापूर्वी पार करावा. डोंगरात मोबाइलला रेंज नसते, म्हणून नकाशा आधीच उतरवून घेणे आवश्यक आहे.

दुसरा दिवस, शुक्रवार : ब्रिस्टल ते नॉर्टन

ब्रिस्टलच्या स्टेट स्ट्रीटच्या मधोमध पितळी खुणा बसवलेल्या आहेत. त्यांच्या एका बाजूला टेनेसी आणि दुसऱ्या बाजूला व्हर्जिनिया हे राज्य आहे. 1927 च्या जुलै-ऑगस्टमध्ये व्हिक्टर कंपनीचे राल्फ पीअर यांनी याच रस्त्यावरच्या टोप्यांच्या एका कंपनीच्या जुन्या इमारतीत ध्वनिमुद्रणाची यंत्रे मांडली आणि जवळपास दोन आठवड्यांत 19 कलाकारांची 76 गाणी मुद्रित केली. कार्टर कुटुंब आणि जिमी रॉजर्स यांचे आवाज प्रथम तेव्हा तबकडीवर आले. 1998 मध्ये अमेरिकी काँग्रेसने ब्रिस्टलला कंट्री संगीताचे जन्मस्थान म्हणून मान्यता दिली आणि 2014 मध्ये येथे त्या संगीताचे संग्रहालय उघडले. ते सोमवारी बंद असते आणि त्याला किमान तीन तास द्यावेत. संग्रहालयाच्या आतच एक रेडिओ केंद्र चालते, ही गोष्ट आईला फार आवडली.

बँजोच्या दालनात ती सर्वांत अधिक रमली. आज बँजोचा सांगाडा लाकडी कड्याचा असतो. पण आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांनी अमेरिकेत जे पहिले बँजो बनवले, त्यांचे अंग भोपळ्याचे होते आणि वर चामडे ताणलेले असे. मिरजेच्या अंगणात वाळत पडलेल्या भोपळ्यांमध्ये खेळलेल्या बाईला याहून ओळखीचे काय असणार? पाचवी आखूड तार दाखवून मी सांगितले की, ही सूर न बदलता मध्ये मध्ये वाजत राहते. आई लगेच म्हणाली, "अगं, मग ही चिकारी आहे." सतारीच्या चिकारीचे काम हेच असते, आणि बँजोच्या त्या तारेचे इतके नेमके वर्णन मी तोपर्यंत कोठेही वाचले नव्हते.

दुपारी त्याच रस्त्यावर जुन्या वस्तूंच्या एका दुकानात आईला एक डल्सिमर दिसले. मांडीवर आडवे ठेवून वाजवायचे हे डोंगराळ भागातील वाद्य आहे. त्याच्या एका तारेवर चाल वाजते आणि उरलेल्या तारा सूर धरतात. तिने ते उचलून पाहिले, किंमत वाचली आणि काही न बोलता जागेवर ठेवले.

नॉर्टनपर्यंतचा रस्ता सव्वा तासाचा आहे. लोकसंख्येने हे व्हर्जिनियातील सर्वांत लहान स्वतंत्र, म्हणजे कोणत्याही काउंटीत (जिल्ह्यात) न मोडणारे, शहर आहे, आणि ते सारे कोळशावर उभे राहिले. मोरन ली ऊर्फ डॉक बॉग्ज यांचा जन्म 7 फेब्रुवारी 1898 रोजी येथेच झाला. बाराव्या वर्षी ते खाणीत उतरले. गावाजवळच्या डॉर्चेस्टरच्या वस्तीत कृष्णवर्णीय वादकांना त्यांनी बोटांनी एकेक सूर उचलून बँजो वाजवताना पाहिले आणि आपणही तसेच वाजवायचे, असे ठरवले. 1927 मध्ये ब्रन्सविक कंपनीची माणसे गावातील हॉटेलात गायक निवडायला आली, तेव्हा बॉग्ज उसना बँजो घेऊन गेले, निवडले गेले आणि न्यू यॉर्कला जाऊन त्यांनी आठ गाणी मुद्रित केली. 1929 मध्ये एका छोट्या कंपनीसाठी आणखी चार गाणी झाली. त्याच वर्षी शेअर बाजार कोसळला आणि ती कंपनी बुडाली. त्यानंतर पुन्हा एक संधी आली, पण प्रवासापुरते पैसे त्यांना जमवता आले नाहीत. पत्नीच्या धर्मनिष्ठ मनाला हे गाणे-बजावणे मान्य नव्हते. शेवटी त्यांनी बँजो एका मित्राकडे गहाण टाकला आणि 1954 पर्यंत खाणीत काम केले.

ज्या छोट्या उपाहारगृहात आम्ही जेवलो, तेथे शेजारच्या टेबलावर एक निवृत्त खाणकामगार बसले होते. आईची साडी पाहून त्यांनी चौकशी केली. आम्ही डॉक बॉग्ज यांच्यासाठी आलो आहोत, हे कळल्यावर त्यांनी टोपी काढून ठेवली आणि खुर्ची आमच्याकडे वळवली. त्यांच्या वडिलांची आणि बॉग्ज यांची खाण एकच होती. पाळी संपवून वर येणाऱ्या माणसाला गाणे म्हणण्याइतकाही श्वास उरत नसे; त्यामुळे आपल्याबरोबर गाडा भरणारा हा माणूस कधी काळी न्यू यॉर्कला जाऊन गाऊन आला आहे, हे त्यांच्या वडिलांना वर्तमानपत्रातूनच कळले, असे ते म्हणाले. वडिलांना त्याचे वाईट वाटले होते का, असे आईने मला विचारायला सांगितले. त्यावर ते थोडा वेळ थांबून म्हणाले की, वाईट नव्हे, पण त्यानंतर वडील प्रत्येक सोबत्याला तुला काय येते म्हणून विचारू लागले. मला या सबंध प्रवासात हेच संभाषण सर्वांत अधिक आठवते.

जेवणात आम्ही सूप बीन्स आणि कॉर्नब्रेड मागवले होते. मंद आचेवर तासन्‌तास शिजवलेल्या पिंटो बीन्स, मक्याचा पाव आणि सोबत चिरलेला कच्चा कांदा हे येथील कष्टकऱ्यांचे अन्न आहे. आपल्याकडच्या पिठले-भाकरीला जो मान आहे, तोच येथे त्याला आहे. शाकाहारी मंडळींनी मात्र आधी विचारून घ्यावे, कारण या बीन्समध्ये बहुतेक वेळा डुकराची चरबी घालतात. आम्हीही विचारले, आणि त्या दिवशीच्या बीन्समध्ये ती होती, म्हणून आईने कॉर्नब्रेड, परतलेली सफरचंदे आणि कांदा एवढ्यावर आनंदाने जेवण केले. सकाळी गरम बिस्किटांबरोबर (म्हणजे येथील मऊ, छोट्या पावांबरोबर) ॲपल बटर, म्हणजे सफरचंदाचा आटवलेला गर, मिळतो. तो निर्धास्त खावा.

रात्री खोलीवर मी आईला उरलेली कथा सांगितली. 1952 मध्ये हॅरी स्मिथ यांनी जुन्या तबकड्यांमधून निवडून अमेरिकी लोकगीतांचा जो संच प्रसिद्ध केला, त्यात बॉग्ज यांची दोन गाणी होती. शहरांतील तरुण ती पाठ करत होते आणि गाणारा माणूस हयात आहे की नाही, हे त्यांना ठाऊक नव्हते. 1963 च्या जूनमध्ये माइक सीगर त्यांना शोधत नॉर्टनला आले. निवृत्तीनंतर बॉग्ज यांनी आपला बँजो नुकताच सोडवून आणला होता. काही आठवड्यांतच ते ॲशव्हिलच्या आणि त्यानंतर न्यूपोर्टच्या महोत्सवात हजारो श्रोत्यांसमोर गायले. पुढील काही वर्षांत त्यांच्या तीन तबकड्या निघाल्या. 7 फेब्रुवारी 1971 रोजी, त्र्याहत्तराव्या वाढदिवशीच, त्यांचे निधन झाले.

आई म्हणाली, "बँजो त्याने आधी सोडवून आणला आणि तो मुलगा नंतर आला. हे नीट लिही." म्हणून येथे नीट लिहीत आहे.

तिसरा दिवस, शनिवार : क्लिंटवुड आणि हिल्टन्स

पहाटे पाऊस पडून गेला होता आणि वाइज ओलांडल्यावर डोंगरांच्या कुशीतून वाफ निघत होती. मेपलची पाने लाल झाली होती, ओकची तपकिरी, आणि रस्त्यावर त्यांचा चिखल झाला होता. क्लिंटवुडला गायक आणि बँजोवादक राल्फ स्टॅनली यांचे संग्रहालय एका जुन्या, ऐसपैस घरात आहे. आम्ही वेळेआधी पोहोचलो, ती चूक आमचीच. जाण्यापूर्वी फोन करून वेळ विचारून घ्यावी, कारण पुढे-मागे जाण्यासारखे दुसरे ठिकाण जवळपास नाही.

स्टॅनली आणि बॉग्ज यांची तुलना सरसकट करता येणार नाही. 1927 मध्ये याच डिकेन्सन काउंटीत जन्मलेले स्टॅनली 1946 पासून थोरले भाऊ कार्टर स्टॅनली यांच्याबरोबर व्यवसाय म्हणून गात होते. 1966 मध्ये भाऊ गेले, तरी राल्फ थांबले नाहीत. ब्लूग्रास या डोंगराळ भागातील बँजो-फिडलच्या संगीताच्या रसिकांत त्यांना मोठा मान होता. परंतु सामान्य अमेरिकी माणसाला त्यांचे नाव कळले ते 2000 साली, 'ओ ब्रदर, व्हेअर आर्ट दाऊ' या चित्रपटात त्यांनी 'ओ डेथ' हे गाणे कोणत्याही वाद्याशिवाय गायल्यामुळे. फेब्रुवारी 2002 मध्ये त्या गाण्यासाठी त्यांना सर्वोत्कृष्ट कंट्री गायकाचा ग्रॅमी मिळाला. दोनच दिवसांपूर्वी त्यांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली होती, आणि त्याच नामांकनांत जॉनी कॅश या विख्यात कंट्री गायकाचेही नाव होते.

या गाण्यामागची हकीकत स्टॅनली यांनी स्वतः मुलाखतींतून सांगितली आहे. संगीताची धुरा सांभाळणारे टी बोन बर्नेट यांना ते गाणे डॉक बॉग्ज यांच्या ढंगात, बँजोवर हवे होते. स्टॅनली बँजो घेऊन नॅशव्हिलला गेले, तसे वाजवूनही पाहिले, आणि मग मला माझ्या पद्धतीने गाऊ द्या, असे म्हणून त्यांनी बँजो खाली ठेवला. दोन-तीन कडवी होताच बर्नेट यांनी त्यांना थांबवले, कारण त्यांना हवे ते मिळाले होते. नॉर्टन आणि क्लिंटवुड ही गावे एकमेकांपासून तासाभराच्या आत आहेत. एका गावच्या माणसाची पद्धत अत्यंत आदराने बाजूला ठेवून दुसऱ्या गावच्या माणसाने आपल्या देवळातील पद्धत पुढे केली, आणि उतारवयातील ती सर्वांत मोठी कीर्ती त्या एका निर्णयातून आली.

ती देवळातील पद्धत म्हणजे प्रिमिटिव्ह बॅप्टिस्ट पंथाची. त्यांच्या प्रार्थनेत वाद्य नसते. पुढचा माणूस एक ओळ सुरात उच्चारतो आणि सर्व मंडळी ती ओळ संथपणे, लांबवत गातात. संग्रहालयात काम करणाऱ्या वयस्कर बाईंनी आम्हाला हे समजावले. आईने मला त्यांना सांगायला लावले की, आमच्या भजनातही बुवा ओळ देतात आणि मागचे ती उचलतात. बाईंनी विचारले की, तुमच्याकडे वाद्ये असतात का? टाळ आणि पखवाज असतात, हे ऐकून त्या क्षणभर विचारात पडल्या, आणि मग त्यांनी आईला एक ओळ म्हणून दाखवायला सांगितले. आईने सहसा कोणापुढे गायलेले मी पाहिलेले नाही. त्या रिकाम्या दालनात तिने 'रूप पाहता लोचनी' ची पहिली ओळ म्हटली. बाईंनी शब्द न कळता तिचा सूर बरोबर उचलला आणि दोघी तेथेच थांबल्या.

दुपारनंतर आम्ही दोन तास गाडी चालवून पुअर व्हॅलीतील हिल्टन्सला पोहोचलो. कार्टर फोल्ड येथे दर शनिवारी साडेसात वाजता कार्यक्रम असतो. तिकीट अगदी माफक आहे, रोख रक्कम जवळ ठेवलेली बरी, दारू वर्ज्य आहे, आणि विजेवर चालणारी वाद्ये चालत नाहीत. डोंगराच्या उतारात बांधलेल्या या सभागृहात ऑक्टोबरमध्ये शाल किंवा स्वेटर हवाच. शेजारी कार्टर कुटुंबातील ए. पी. कार्टर यांचे जुने दुकान आता संग्रहालय झाले आहे. ते कार्यक्रमाआधी पाहून घ्यावे.

हे सारे उभे केले ते त्यांच्या मुलीने, जॅनेट कार्टर यांनी. माझे संगीत पुढे चालू ठेव, असे वडिलांनी त्यांना मृत्यूपूर्वी सांगितले होते. शाळेच्या खानावळीत स्वयंपाक करणाऱ्या जॅनेट यांनी 1974 मध्ये, एक्कावन्नाव्या वर्षी, त्या दुकानात कार्यक्रम सुरू केले. दोन वर्षांत भाऊ जो यांच्या मदतीने हे सभागृह उभे राहिले, आणि 2005 मध्ये, निधनाच्या काही महिने आधी, त्यांना राष्ट्रीय वारसा सन्मान मिळाला. जॉनी कॅश यांनी आयुष्यातील शेवटचे जाहीर गायन 5 जुलै 2003 रोजी याच मंचावर केले.

तरीही या जागी मला लेस्ली रिडल यांची आठवण अधिक आली. एक पाय गमावलेला हा कृष्णवर्णीय गिटारवादक ए. पी. कार्टर यांच्याबरोबर गावोगाव हिंडला, ऐकलेल्या चाली लक्षात ठेवून त्याने त्या कार्टर कुटुंबापर्यंत पोहोचवल्या. 1965 मध्ये त्यांनाही शोधून काढले ते माइक सीगर यांनीच. रिडल वारले, आणि त्यांची मुद्रणे बाजारात आली ती त्यांच्या मागे, 1993 मध्ये. उशिरा मिळालेल्या यशाच्या कथा आपण आवडीने सांगतो. त्यांच्या शेजारी ही तारीखही मांडली पाहिजे, असे मला फार वाटते.

कार्यक्रम सुरू होताच मंचासमोरच्या फरशीवर नाचणाऱ्यांची गर्दी झाली. बुटांना धातूच्या पट्ट्या लावलेल्या एक ऐंशीच्या घरातील आजी आईसमोर येऊन उभ्या राहिल्या आणि त्यांनी हात पुढे केला. आईने पायातल्या चपला काढून माझ्याकडे दिल्या. दोघींनी फुगडीही नव्हे आणि क्लॉगिंग हा येथील बूट आपटत करायचा नाचही नव्हे असे काहीतरी केले. बँजोवाल्याने ते पाहून तीच चाल आणखी दोनदा फिरवली. घरी केलेल्या केकचा एक तुकडा आणि कॉफी घेऊन आम्ही बाहेर आलो, तेव्हा आकाश निवळलेले होते आणि दरीत दुसरा आवाज नव्हता.

चौथा दिवस, रविवार : ब्रिस्टलहून घरी

मुक्काम ब्रिस्टललाच होता. जुन्या वस्तूंचे ते दुकान रविवारी दुपारी एकला उघडते, हे आईने शुक्रवारीच दारावरच्या पाटीवर वाचून ठेवलेले होते. पावणेएकला ती पाटीसमोर उभी होती. डल्सिमर तेथेच होते. दुकानदाराने दोन तारा नव्या बसवून दिल्या आणि जुळवणी डी-ए-डी अशी असते, हे शिकवले. गाडीत बसल्यावर आईने तारा छेडून पाहिल्या आणि म्हणाली, "सा, प, सा."

परतीला आम्ही घाट टाळून 81, 77 आणि 40 क्रमांकांच्या महामार्गांनी आलो. ज्यांना हे वाद्य भारतात न्यायचे असेल, त्यांच्यासाठी सांगते की, जाड अस्तराची पिशवी घेऊन ते विमानात आपल्याबरोबर ठेवावे, सामानात देऊ नये, आणि तारा थोड्या सैल कराव्यात. आईने मात्र त्या सैल करू दिल्या नाहीत, कारण विमानाला अजून तीन महिने होते.